चालू रीडिंग

महिन्याच्या पाच तारखेपासून माझं फिरणं सुरू होतं,
देवर्जन, हत्तीबेटाच्या पायथ्याच्या वस्त्या,
पुढं कर्नाटकाची पाटी दिसेपर्यंत.
घरोघरी एक फोटो: मीटर, आकडा, बस्स.
फ्लॅश मारू नका, काच चमकते,
असं ऑफिसातल्या रफत मॅडमनी
पहिल्याच दिवशी बजावलेलं.

आणि दोन घरांच्या मधल्या वाटेवर
मी माझे फोटो काढतो.

करडई फुलली होती तेव्हाची, काट्यांसकट.
रेल्वे फाटकात आडवी बसलेली शेळी, गळ्यात ताईत,
आणि तिच्यापायी ताटकळलेला कपाटांचा टेम्पो.
सीमेवरचा कानडी दगड. अक्षरं मला येत नाहीत,
पण उदगीर त्याच्यावर अजून बारा किलोमीटर आहे.
रस्ता कधीच सरळ झाला,
दगडाला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी हे सगळं मन्मथला पाठवायचो.
मन्मथ स्वामी, माझ्या बाकावरचा. आता चाकणला,
तिसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर दुसरी खिडकी.
त्याचा अंगठा यायचा.
हत्तीबेटामागं बुडणाऱ्या सूर्याला अंगठा,
शेळीला अंगठा,
चुकून माझ्या चुलत्याच्या तेराव्याची पत्रिका गेली,
तिलाही अंगठा.

चैत्रात एक दिवस ऊन डोक्यात गेलं असावं.
डीपीजवळच्या मुरमात टिटवीनं अंडी घातलेली,
दगडांत दगडांसारखीच.
ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती.
मी गुडघे टेकून, श्वास धरून एकच फोटो घेतला
आणि तो गेला ऑफिसला.
ग्राहक क्रमांकासकट.

उत्तर आलं: "रीडिंग दिसंना. अंडी मात्र चार दिसायलीत.
बिल कितीचं काढू?"
रफत मॅडम थट्टा करतात,
हे मला तोवर माहीत नव्हतं.
जरा वेळानं आणखी एक ओळ: "ऊन लई आहे. टोपी घाला."

आणि मन्मथकडं गेलं मीटर.
धुळकट, काचेच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं,
शून्य चार चार एक सात.

अंगठा आला नाही.
फोन आला. सात महिन्यांत पहिल्यांदा.
"हे कुठलं मीटर?"
अरे, चुकून गेलं, मी म्हणालो.
"मागचा रंग बघ. नीळ जास्त पडलेली.
अप्पा चुना कालवत होते, माझ्याच हातनं सांडली.
वरचा खिळा दिसायलाय का?
त्याला अप्पांची छत्री असायची."

मी फोटो बोटांनी मोठा केला.
चार वर्षं दर महिन्याला त्या भिंतीसमोर उभा राहतो मी.
घर विकलं तेव्हा साक्षीदार म्हणून सही माझीच.
आणि दिसले ते फक्त आकडे.

मग तो बराच वेळ बोलला नाही.
मागं कंपनीच्या बसचा हॉर्न वाजत होता.
शेवटी विचारलं, "किती जळली रे या महिन्यात?"
"एकसष्ट युनिट."
"बरं," तो म्हणाला, "म्हणजे माणसं आहेत घरात."

तेव्हापासून मी मीटरचा फोटो
अर्धं पाऊल मागं सरून घेतो.
कडेला काय येईल ते येऊ देतो:
उलटी पडलेली चप्पल,
कुणाचा तरी हात, भाकरीच्या पिठाचा,
डिसेंबरातच थांबलेलं कॅलेंडर.
रफत मॅडम लिहितात, "आकडा बारीक आलाय. पुन्हा घ्या."
आणि खाली,
"पिल्लं निघाली का?"

तीन निघाली.
चौथ्या अंड्याचा फोटो काढलाय मी.
अजून कुणालाच पाठवलेला नाही.